मिठाच्या गावातली एक संध्याकाळ

अंधारात आधी सात मनोरे दिसतात, शहर मागाहून. २ डिसेंबर १७०५, बुधवार. सात वाजत आले तरी उजाडायचं चिन्ह नाही. ल्युबेकच्या पश्चिमेकडच्या वाटेवर तुम्ही चौघं उभे आहात. पायाखाली अर्धवट गोठलेला चिखल आहे आणि ट्राव्ह नदीवरून येणाऱ्या वाऱ्याला लाकडाचा धूर, डांबर आणि खारवलेल्या माशाचा वास आहे. समुद्र इथून वीसेक किलोमीटरवर, पण गलबतं नदीतून थेट शहराच्या पायथ्याशी येतात. ट्राव्ह आणि वाकेनित्स या दोन नद्यांच्या कवेत हे शहर बेटासारखं बसलं आहे.

सोबतच्या तिघांची ओळख करून घ्या, कारण दिवसभर तुम्ही त्यांच्या डोळ्यांनीही बघणार आहात. एक बांधकामातला इंजिनियर, एक हिशेब तपासणारा सीए आणि एक मैत्रीण, जी लहानपणापासून पेटी वाजवते. आजचा दिवस तिनंच निवडला आहे. का निवडला ते संध्याकाळपर्यंत सांगणार नाही म्हणते.

वेशीपाशी इंजिनियर गोंधळतो. २००६ सालच्या दोन युरोच्या नाण्यावरचं होल्स्टनटोर त्याला पाठ आहे. दोन जाडजूड बुरूज आणि त्यांवर टोकदार टोप्या. ते दिसतच नाही. समोर आहे १५८५ सालची वेगळीच नक्षीदार वेस. ती ओलांडली की मागे ते जुनं दार उभं राहतं, १४७८ मध्ये पुरं झालेलं. आजच्या पर्यटकाला ते मोकळ्या हिरवळीवर एकटं दिसतं. इथे मात्र ते तटबंदीच्या गर्दीत दाटीवाटीनं उभं आहे. "अरे, हे कललंय!" तो विटांवर तळहात टेकवून म्हणतो. कललेलं आहेच. खाली दलदल, दलदलीवर ओंडक्यांचा थर आणि त्यावर एवढं ओझं. शहराबाहेरच्या बाजूला भिंत साडेतीन मीटर जाड आहे, शहराकडच्या बाजूला मीटरभरसुद्धा नाही. १८६३ मध्ये हे दार पाडावं की राखावं यावर मतदान होईल आणि ते एका मतानं वाचेल. तुमचा मित्र भिंतीवरचा हात काढत नाही.

दार ओलांडून उजवीकडे वळलात की नदीकाठी विटांच्या उंच, अरुंद कोठ्या आहेत. आज तिथे सहा दिसतात. १७०५ मध्ये सगळ्या झालेल्या नाहीत, शेवटची १७४५ मध्ये उभी राहील. सर्वांत जुनी १५७९ ची. आत मीठ. दाराशी उभं राहिलात तरी ओठांवर येतं. हे मीठ इथलं नाही. दक्षिणेला ल्युनेबुर्गमध्ये जमिनीखालून खारं पाणी वर काढून, मोठ्या कढयांत उकळून ते तयार होतं आणि श्टेक्नित्सच्या कालव्यातून सपाट तळाच्या होड्यांवर लादून इथवर येतं. हा कालवा १३९८ पासून चालू आहे. वाटेत पाणी साठण्याची वाट पाहायची, पाणी सोडलं की त्या लोंढ्यावर पुढचा टप्पा गाठायचा. एका खेपेला आठवडे लागतात.

आणि मासा? तोही इथला नव्हे. हेरिंगचे थवे यायचे पलीकडच्या स्कोन किनाऱ्यावर, आजच्या दक्षिण स्वीडनमध्ये. ताजा हेरिंग दोन-चार दिवसांत नासतो. मिठात पिंपबंद केला की महिनोन्‌महिने टिकतो, आणि उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलेल्या सगळ्या युरोपात विकला जातो. आगोटीला सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या कोकणी घराला हे अर्थशास्त्र समजावून सांगावं लागणार नाही. मीठ एकाचं, मासा दुसऱ्याचा, खाणारा तिसरा. ल्युबेकनं त्यांची गाठ घालून दिली आणि त्या गाठीवर हान्झा नावाचा व्यापारी शहरांचा संघ शतकानुशतकं बाल्टिक समुद्रावर राज्य करत राहिला. राजा नाही, कायमचं सैन्य नाही, तरी डेन्मार्कच्या राजाला नमवण्याइतकी ताकद.

"होता म्हण," सीए हळूच म्हणतो. त्याचं बरोबर आहे. हान्झाची शेवटची सभा याच शहरात १६६९ मध्ये भरली, तीही मोजक्या शहरांची. पैसा आता ॲमस्टरडॅम, लंडन, हॅम्बुर्गकडे वाहतो. बाजारातल्या दुकानात मिरी आहे, मलबारची असेल किंवा जावाची. पण ती ॲमस्टरडॅमवरून इथे आली आहे. ल्युबेक अजून गरीब झालेलं नाही, फक्त आपले मोठे दिवस मागे पडले हे त्याला कळून चुकलं आहे. अशा वेळी शहर काय करतं, हे पाहायलाच तुम्ही आला आहात.

चढावरून वर बाजारचौकात या. नगरभवनाच्या काळ्या झिलईच्या विटा पहाटेच्या ओलीत चकाकतात. त्याच्या उंच दर्शनी भिंतीला मोठी गोल भोकं आहेत. वाऱ्यानं ती ढासळू नये म्हणून वाऱ्याला दिलेली वाट. आणि चौकाला लागूनच, सगळ्यांच्या डोक्यावरून, सेंट मेरीचं चर्च. बिशपचं कथीड्रल शहराच्या दक्षिण टोकाला आहे. हे चर्च मात्र व्यापाऱ्यांचं आणि नगरपरिषदेचं, आणि ते बिशपच्या चर्चपेक्षा उंच बांधलं आहे. ते चुकून झालेलं नाही.

आत शिरलात की इंजिनियर मान मागे टाकतो. छत साडेअडतीस मीटरवर. जगातलं विटांचं सर्वांत उंच कमानदार छत हेच. फ्रान्समध्ये जे दगडात घडवलं गेलं ते इथे भाजलेल्या मातीत उभं केलं, कारण या मुलुखात बांधकामाचा दगड जवळपास नाहीच. कुणी तरी लाखो विटा एकेक करून हातात घेतल्या. माणसाच्या तळहाताएवढ्या मापावर एवढी उंची बेतता येते, यावर माझा प्रत्येक वेळी नव्यानं विश्वास बसतो.

उत्तरेकडच्या एका बाजूच्या दालनात भिंतींवर चहूबाजूंनी जवळजवळ तीस मीटर लांब चित्र पसरलं आहे. मृत्यूचा नाच. एक हाडांचा सापळा, एक माणूस, पुन्हा सापळा, पुन्हा माणूस, हातात हात. आधी पोप, मग सम्राट, सम्राज्ञी, आणि क्रम उतरत उतरत व्यापारी, शेतकरी आणि शेवटी पाळण्यातलं बाळ. मागे क्षितिजावर ल्युबेक, त्याचे मनोरे, त्याची जहाजं. मूळ चित्र बेर्न्ट नोटकेनं १४६३ मध्ये केलं, प्लेगच्या सावलीत. तुमच्यासमोर आहे ती त्याची नक्कल. मूळ चित्र फार जीर्ण झालं म्हणून चार वर्षांपूर्वी, १७०१ मध्ये, कॅनव्हासवर पुन्हा रंगवून घेतलेली. रंग अजून ताजे आहेत. चित्रातल्या सम्राटासमोर थोडं थांबा. यंदा ५ मे रोजी व्हिएन्नात सम्राट लिओपोल्ड पहिला वारला. ल्युबेक हे १२२६ पासून थेट सम्राटाच्या छत्राखालचं स्वतंत्र शहर. मध्ये कुणी राजा नाही, ड्यूक नाही. सम्राटाशी असलेलं हे नातं हीच शहराची ढाल. म्हणून आज संध्याकाळी या चर्चमध्ये त्याच्यासाठी शोकसंगीत आहे आणि उद्या त्याच्या वारसाच्या, योसेफ पहिल्याच्या, गौरवाचं.

पेटीवाल्या मैत्रिणीचं गुपित इथवर फुटलं आहे. ती आता चर्चच्या बाजूच्या घराकडे निघाली आहे.

या घरात दीट्रिश बुक्स्टेहूड राहतो. वय अडुसष्टच्या आसपास. डेन्मार्कमधल्या हेलसिंगोरहून १६६८ मध्ये इथे आला. तेव्हापासून या चर्चच्या थोरल्या ऑर्गनवर बसतो आहे. त्याच्या टेबलावर स्वरलेखन असेल अशी तुमची अपेक्षा असते, पण उघडी आहे ती हिशेबाची वही. ऑर्गनवादकाच्या जागेसोबत चर्चच्या कारभाऱ्याचं कामही त्याच्याकडे आहे. चुना किती, शिसं किती, गवंड्याची मजुरी, मेणबत्त्या, खिडक्यांच्या काचा, सगळं त्याच्या हस्ताक्षरात. सीए त्या वहीवर असा झुकतो की त्याला ओढून बाजूला करावं लागतं. संध्याकाळचं संगीतही याच हातातून जातं. दर वर्षी नाताळाआधीच्या काही रविवारी, दुपारच्या प्रार्थनेनंतर चारच्या सुमाराला, गायक-वादकांचा ताफा जमवून तो मोठी मैफल करतो. ऐकायला पैसे लागत नाहीत. कुणीही यावं. खर्च व्यापारी देतात, त्यांच्या देणग्या गोळा कराव्या लागतात, आणि अलीकडे त्या आटत चालल्या आहेत.

या प्रथेची सुरुवात त्याच्या आधीच्या फ्रान्झ टुंडरनं केली. पुढे सांगितली जाणारी हकीकत अशी, की बाजाराचे व्यवहार सुरू होण्याची वाट बघत व्यापारी चर्चमध्ये घोटाळत, त्यांच्यासाठी टुंडर ऑर्गन वाजवायचा. धंद्यातल्या रिकाम्या वेळातून ही गोष्ट उगवली. धंदा उतरू लागला तरी ती वाढतच गेली, आणि ल्युबेकबद्दल मला सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

घरात तिशीची एक मुलगी आहे, आना मार्गारेता. तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण संगीताच्या इतिहासात तिची फार थट्टा झाली आहे. बुक्स्टेहूडची जागा ज्याला हवी त्यानं तिच्याशी लग्न करावं अशी अट होती. दोन वर्षांपूर्वी माटेसॉन आणि हँडल हे दोन तरुण इथे येऊन गेले आणि ती अट ऐकून परत फिरले. पण ज्या घरात राहायचं ते चर्चचं, ज्यावर जगायचं तो पगार वडिलांच्या बोटांवर. वडील गेल्यावर बायको-मुलींनी कुठे जायचं? खुद्द बुक्स्टेहूडनं टुंडरच्या मुलीशी लग्न केलं होतं. पेन्शन नसलेल्या काळातली ही तजवीज आहे. तिच्या रूपावर विनोद करणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही. १७०७ मध्ये वडील जातील, जागा शीफरडेकर नावाच्या संगीतकाराला मिळेल आणि तिचं लग्न त्याच्याशी होईल.

दुपारी जेवायला खलाशांच्या संघाच्या घरात चला. १५३५ पासून हे घर त्यांचं आहे. लांबच लांब ओकचे बाक, कोणत्या बंदराच्या फेऱ्या करणाऱ्यांनी कुठल्या बाकावर बसायचं ते ठरलेलं, छताला टांगलेली जहाजं. मग गल्ल्यांतून भटकंती. मोठ्या घरांच्या पोटातून मागच्या अंगणांत जाणारे बोळ इतके अरुंद, की वाकून, एकामागोमाग एक जावं लागतं. त्यांच्या रुंदीचं माप एकच, आतून शवपेटी बाहेर काढता यायला हवी. बोळ संपतो आणि मजुरांची, कोळ्यांची, विधवांची बुटकी घरं दिसतात. एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून १६३९ मध्ये उभं राहिलेलं एक ऐसपैस अंगण आहे, व्यापाऱ्यांच्या आणि तांडेलांच्या विधवांसाठी. समुद्रावर जगणाऱ्या शहराला विधवांची सोय करावीच लागते.

चारला सूर्य गेला.

चर्च पेटल्यासारखं दिसतं आहे. इतके दिवे या उंचीखाली तुम्ही कधी पाहिले नाहीत. दाराशी गर्दी आवरायला शिपाई आहेत आणि गर्दी आवरण्यासारखीच आहे: लोकरी झग्यातले नगरसेवक, उष्ण विटा फडक्यात गुंडाळून आणलेल्या बायका, डांबराचा वास येणारी पोरं, नोकर, परगावचे. आत ऊब नाही, श्वासांच्या वाफा दिसतात. ऑर्गनच्या दोन्ही अंगांना सज्जे आहेत. बुक्स्टेहूडनं कामावर आल्या आल्या व्यापाऱ्यांच्या पैशातून ते बांधून घेतले, ते याच कामासाठी. त्यांवर गायक आणि वादक दाटले आहेत.

"तो बघ, खांबाशी," मैत्रीण तुमची बाही ओढते. वीस वर्षांचा एक मुलगा, रुंद कपाळाचा. बूट चिखलानं माखलेले.

योहान सेबास्टियन बाख आज इथे हजर होता अशी नोंद कुठेच नाही. पण आर्नश्टाटहून चारशे किलोमीटर चालून, चार आठवड्यांची रजा घेऊन, तो या शहरात आला होता तो या म्हाताऱ्याला ऐकायलाच. अशा संध्याकाळी तो खोलीवर बसून राहील असं मानायला माझं मन तयार नाही. शाळकरी वयात तो ल्युनेबुर्गला होता, म्हणजे मिठाच्या उगमाशी. मीठ ज्या दिशेनं येतं त्याच दिशेनं तोही आला.

मग ऑर्गन सुरू होतो.

तुम्ही काय ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही. या दोन संध्याकाळींचे गायनाचे शब्द छापले गेले आणि ते उरले. संगीत उरलं नाही. उद्याच्या मैफलीत पंचवीस व्हायोलिनं एकाच सुरात एकत्र वाजतील, एवढं त्या छापील पुस्तिकेतून कळतं. ती काय वाजवतात याचं एक पानही शिल्लक नाही. मैत्रीण डोळे मिटून बोटांनी गुडघ्यावर पडदे दाबते आहे, लक्षात ठेवायची धडपड करते आहे. सीएनं खिशातून वही काढली आहे, पण त्याला स्वर लिहिता येत नाहीत. इंजिनियर वर बघतो आहे. आवाज त्या विटांच्या छताला लागून किती उशिरा खाली येतो ते मोजतो आहे. आणि खांबाशी तो मुलगा अगदी स्थिर उभा आहे.

इथून एक उडी मारायची आहे, नको वाटली तरी.

२८ आणि २९ मार्च १९४२ च्या मधली रात्र. ब्रिटिश विमानं, आगलावे बॉम्ब, जुन्या लाकडी माळ्यांचं शहर. सेंट मेरीचं छप्पर पेटतं, मनोरे पेटतात. घंटा दक्षिणेकडच्या मनोऱ्यातून खाली कोसळतात. त्यांतली थोरली १६६८ ची, म्हणजे बुक्स्टेहूड या जागेवर आला त्याच वर्षी ओतलेली. त्या आजही जिथे पडल्या तिथेच, फुटक्या अवस्थेत, फरशीत रुतून आहेत. थोरला ऑर्गन गेला. मृत्यूच्या नाचाच्या दालनातला धाकटा ऑर्गन गेला. ते चित्रही गेलं. पाळण्यातल्या बाळासकट सगळे त्या रात्री जळाले. शहरात तीनशेवर माणसं गेली. हे युद्ध जर्मनीनंच सुरू केलं होतं, हेही त्या फुटक्या घंटांपाशी उभं राहून आठवायला हवं, आणि ल्युबेककर ते आठवतात.

म्हणजे जे या चर्चच्या आत जपून ठेवलं होतं त्यातलं फार थोडं राहिलं. मग बुक्स्टेहूड आज आपल्याला ऐकू कसा येतो? मैत्रिणीनं हा दिवस निवडला तो याच्या उत्तरासाठी.

तो ऐकू येतो, कारण ल्युबेक बंदर होतं. स्टॉकहोमला स्वीडनच्या दरबाराचा संगीतप्रमुख गुस्ताफ ड्यूबेन त्याचा मित्र. बाल्टिकवरच्या जहाजांतून त्याच्या रचना तिकडे जात राहिल्या. १६८० मध्ये ख्रिस्ताच्या देहावरची सात भागांची रचना बुक्स्टेहूडनं स्वतःच्या हातानं लिहून त्याला अर्पण करून पाठवली. ड्यूबेन घराण्याचा तो सगळा संग्रह १७३२ मध्ये उप्साला विद्यापीठाकडे गेला, आणि बुक्स्टेहूडच्या गाण्यासाठीच्या ज्या रचना आज उरल्या आहेत त्यांतल्या बहुतेक तिथल्या कागदांवर उरल्या. जे जहाजावर चढलं ते वाचलं. ऑर्गनच्या रचना वाचल्या त्या शिष्यांनी, चाहत्यांनी उतरवून घेतलेल्या नकलांतून. बाखनं अगदी पोरवयात, ल्युबेकला येण्याच्या कितीतरी आधी, त्याची एक मोठी ऑर्गनरचना स्वतः उतरवून घेतली होती. ते कागद २००६ मध्ये वायमारच्या ग्रंथालयात ओळखले गेले. शहर दुसऱ्याचं मीठ दुसऱ्याच्या माशाला पोचवून मोठं झालं होतं. संगीताच्या बाबतीतही त्यानं तेच केलं, आणि त्यात ठरवून काही केलं असंही नाही. त्याला फक्त तेवढंच येत होतं.

उद्या आजच्या ल्युबेकमध्ये जाल तेव्हा याकोबी चर्चमध्ये नक्की जा, खलाशांच्या घरासमोरच आहे. तिथला धाकटा ऑर्गन श्टेलवागेननं १६३७ मध्ये वाढवून पुरा केला आणि तो १९४२ च्या आगीतून वाचला. याच कारागिरानं पुढे सेंट मेरीच्या थोरल्या ऑर्गनचंही काम केलं होतं. बुक्स्टेहूडच्या कानांना ज्या जातीच्या नळ्यांचा आवाज माहीत होता, तो तिथे ऐकता येतो.

एक शेवटचा मुक्काम राहिला. तुम्हा चौघांना मैत्रीण दक्षिणेला घेऊन जाते, आर्नश्टाटला. १७०६ चा फेब्रुवारी. चार आठवड्यांच्या रजेवर गेलेला ऑर्गनवादक जवळजवळ चार महिन्यांनी परत आला आहे. २१ तारखेला वरिष्ठ त्याला बोलावून विचारतात, इतके दिवस होतास कुठे? आपल्या कलेतल्या एक-दोन गोष्टी समजून घ्यायला ल्युबेकला होतो, असं त्यानं सांगितल्याची नोंद आहे. त्याच नोंदीत तक्रार आहे, की हा हल्ली भजनांच्या चालींत भलतेच फेरफार करतो, परके सूर मिसळतो, लोक गोंधळून जातात. आधी त्याचं वादन फार लांबायचं. तसं त्याला सांगितलं, तर आता तो दुसऱ्या टोकाला गेला आहे.

अशाच एका सकाळी तुम्ही तिथल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आहात. "बघा हं," मैत्रीण कुजबुजते. ऑर्गन सुरू होतो, एक अनोळखी वळण घेतो, समोरच्या रांगेतले गृहस्थ मान वर करतात. भजनसंग्रहात पान कुठलं ते तुम्ही अजून शोधतच आहात आणि तो थांबतोही. आता गायला सुरुवात करायची हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.